वल्ह्यावरून गळणारं पाणी : सोलापुरात कायाक शिकणाऱ्यांसाठी

वल्हं पाण्यातून उचललं की पात्यावरचं पाणी दांड्यावरून घसरत मनगटावर येतं, तिथून कोपरावर आणि कोपरावरून मांडीवर. अर्ध्या तासात पँट ओलीगच्च. मग घाम पुसायला तोच हात कपाळावर जातो, मिशीवर जातो, पाण्याच्या बाटलीच्या तोंडाला लागतो. नवीन माणूस एकच भीती धरून बसलेला असतो : नाव उलटली तर? ती भीती रास्त आहे, पण आजारी पडायला नाव उलटावी लागत नाही.

हे मला कळलं ते मित्राच्या पोटामुळं. हिप्परगा तलावाच्या काठावर आमची पहिली फेरी झाली आणि पठ्ठ्यानं तिथंच डबा उघडला. कडक भाकरी, शेंगा चटणी, वर दही. मी नावेतली हवा सोडत होतो. म्हटलं, हात तरी धू. "धुतले की बे," म्हणाला. धुतले होते खरे, पण तलावातच. तिसऱ्या दिवशी त्याच्या हाताला सलाईन होतं.

तर हवा भरायची कायाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची छोटी नाव, मागवून रविवारी पहाटे निघणाऱ्या नव्या मंडळींसाठी, जसं मी करतो तसं, त्याच क्रमानं लिहितो.

१. आधी पाणी ठरवा, मग दिवस

सिद्धेश्वर तलाव आणि कंबर तलाव यादीतून काढूनच टाका. देवळाच्या पायऱ्यांवर बसून बघायला सिद्धेश्वर तलावाइतकं सुंदर पाणी सोलापुरात नाही, आणि ते बघावंच. पण भरवस्तीतला, चारी बाजूंनी रस्ते आणि घरं असलेला तलाव म्हणजे पाऊस पडला की रस्त्यावरचं सगळं धुऊन जिथं येतं ती जागा. कंबर तलावाला आता धर्मवीर संभाजी तलाव म्हणतात. तिथं जलपर्णी माजलेली दिसली की अर्थ सरळ आहे : पाण्यात नत्र आणि स्फुरद भरपूर, म्हणजे सांडपाणी येतंय. शिवाय जलपर्णीत वल्हं अडकतं, ते सोडवायला हात घालावा लागतो आणि मुळांतला गाळ तोंडावर उडतो.

हिप्परगा, म्हणजे सरकारी कागदावरचा एकरुख तलाव, नवशिक्यासाठी त्यातल्या त्यात बरा. आदिला नदीवर इंग्रजांनी १८७१ साली बांधलेला हा तलाव तुळजापूर रस्त्याला आहे. इथून शहराच्या काही भागाला पिण्याचं पाणी येतं, त्यामुळं तिथं साबण लावून नाव धुऊ नका. तेच पाणी उद्या कुणाच्या तरी हंड्यात यायचंय. आणि जाण्याआधी जलसंपदा खात्याच्या माणसाला आणि तिथल्या मच्छीमारांना विचारा. जाळी कुठं लावलीत हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नसतं.

उजनीचं प्रकरण वेगळं आहे. धरण १९८० सालचं, क्षमता ११७ टीएमसी, पाणी इतकं लांबरुंद की समुद्रासारखं वाटतं. पण पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून दौंडवरून थेट याच पाण्यात येतं. प्रक्रिया झालेलं किती, न झालेलं किती, यावर भांडणं चालूच आहेत. वल्हं मारणाऱ्याला त्या भांडणाचा निकाल थांबून ऐकायची गरज नाही, पाण्याचा हिरवा रंग पुरेसा बोलका आहे. कुणी म्हणेल, "अहो, तिथं फ्लेमिंगो येतात, म्हणजे पाणी चांगलं असणार." रोहित पक्षी गाळातलं शेवाळ आणि किडे खायला येतो. त्याच्या पसंतीवर आपलं पोट ठेवू नये.

चंद्रभागेत कायाक घेऊन कुणी जात नाही, पण पंढरपूरला कोळी बांधवांच्या होडीत बसून वल्हं हातात घ्यायचा मोह होतो. जरूर घ्या. अडचण पुढं येते. आमच्या आईचा हात आपोआप पाण्यात जातो, दोन थेंब डोळ्यांना आणि चमचाभर तीर्थ म्हणून तोंडात. 'नमामि चंद्रभागा'ची घोषणा २०१६ साली झाली, नदी मात्र अजून तीर्थ म्हणून पिण्याजोगी झालेली नाही. मी आईला सांगतो, डोक्यावर शिंपड, विठोबा तेवढ्यावर राजी आहे. ती ऐकते, पण दरवेळी नाही.

मोजमाप हवं असेल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे आंघोळीच्या पाण्याचे निकष लक्षात ठेवा. १०० मिलिलिटरमागे विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जिवाणू ५०० पर्यंत असावेत आणि २,५०० च्या वर जाऊ नयेत. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू, जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ भीमेच्या पाण्याचे नमुने तपासून आकडे जाहीर करतं. ते बघायची सवय लावा, पण एक ध्यानात असू द्या : नमुना त्या दिवसाचा असतो आणि तुम्ही जाणार रविवारी.

२. पाऊस झाला की तीन दिवस थांबा

सोलापूरचा पाऊस म्हणजे पंधरा दिवस वाट बघायची आणि मग एका संध्याकाळी सगळा हिशोब चुकता. असा पाऊस झाला की ओढे-नाले रस्त्यावरची घाण, तुंबलेली गटारं, शेतातली औषधं, उंदरांची बिळं सगळं धुऊन पाण्यात आणतात. दुसऱ्या दिवशी आभाळ निवळतं, हवा गार होते आणि नाव काढायचा नेमका मोह होतो. नेमका तेव्हाच जायचं नाही. दोन-तीन दिवस जाऊ द्या. जून-जुलैत उजनीत वरून येणारा पहिला लोंढा तर महिनोन्‌महिने साचलेलं घेऊन येतो, तेव्हा मी तिकडं फिरकतही नाही. गणपती विसर्जनानंतरचा आठवडाही तसाच सोडायचा.

मे महिन्यात उलटं होतं. पाणी आटतं, घाण तेवढीच राहते, म्हणजे घट्ट होते. वर ऊन, त्यामुळं शेवाळ फोफावतं. आणि मेमधली दुपारनंतरची वावटळ वेगळीच. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडं निघालेली प्रवासी बोट उजनीत वादळी वाऱ्यात बुडाली, सहा जण गेले. त्यामुळं उन्हाळ्यात पहाटे जायचं, नऊला काठावर यायचं, आणि लाइफ जॅकेट नावेत ठेवायला नसतं, अंगात घालायला असतं. बाकी सगळ्या सूचना याच्यानंतर.

३. काठावर दहा मिनिटं नुसतं उभं राहा

हवा भरायच्या आधी. वास घ्या : कुजलेल्या अंड्यासारखा किंवा गटारासारखा वास आला की परत फिरा. काठाला मेलेल्या चिलापी मासळ्या लागल्यात का बघा. एखाद-दुसरी मासेमाराच्या हातून पडलेली असते, रांगेनं पडल्या असतील तर पाण्यातला प्राणवायू संपलाय किंवा काहीतरी विषारी आलंय. आणि कुणी मच्छीमार दिसला तर विचारा, "मामा, पाणी कसंय आज?" मला एकदा एका मामांनी नुसता हात पुढं करून दाखवला. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक लाल पुरळ. मी गाडी वळवली.

आता शेवाळाचं. सगळं हिरवं सारखं नसतं. एक हिरवं असतं दोऱ्यांचं, केसांसारखं. ते किळसवाणं दिसतं, पण सहसा निरुपद्रवी. दुसरं असतं पाण्यात हिरवा रंग सांडल्यासारखं, किंवा वाटाण्याच्या आमटीवर तवंग यावा तसं. ते निळं-हिरवं शेवाळ. खरं तर ते शेवाळ नव्हेच, जिवाणू आहेत. त्यातल्या काही जाती यकृताला मारक असं विष तयार करतात, आणि ते विष पाणी उकळलं तरी जात नाही. अंगाला खाज, डोळ्यांची आग, उलट्या, जुलाब हे माणसाचे त्रास. कुत्रं मात्र असलं पाणी पिऊन किंवा अंगावरचा तवंग चाटून काही तासांत मरू शकतं, म्हणून कुत्र्याला नावेत बसवून फोटो काढायचा बेत अशा दिवशी रद्द.

ओळखायची साधी रीत : लांब काठी घ्या, पाण्यात फिरवून वर काढा. काठीला दोरे लोंबले तर पहिलं. काठी रंगात बुडवल्यासारखी झाली तर दुसरं, आणि मग वल्हं बाहेर काढायचं नाही. अजून शंका असेल तर हातमोजे घालून पारदर्शक बरणी पाऊणभर भरा, झाकण लावा, बाहेरून नीट धुवा आणि रात्रभर फ्रीजमध्ये न हलवता ठेवा. सकाळी हिरवं खाली बसलं तर बरं. वर तरंगून कडेला हिरवी कड धरली तर निळं-हिरवं असण्याची शक्यता दाट. घरात आधी सांगून ठेवा. आमच्याकडं त्या बरणीवरून रामायण झालंय.

४. अंगावरची भोकं बुजवा

दाढी आदल्या रात्री करा, सकाळी नको. पायाच्या भेगा, डासांच्या चावण्यावर खाजवलेलं, चपलेनं सोललेलं, सगळं तपासा. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस नावाचा ताप, त्याचा जंतू उंदराच्या, जनावरांच्या लघवीतून पाण्यात येतो आणि अशाच बारीक जखमांतून, डोळ्यांतून, तोंडातून शरीरात शिरतो. ओरखडा असेल तर पाणी न शिरणारी पट्टी लावा. उघडी जखम असेल तर घरी बसा. मधुमेह असलेल्यांनी तळपाय दुसऱ्याकडून बघून घ्यावेत, स्वतःला कळत नाही.

धनुर्वाताची सुई कधी घेतली होती आठवत नसेल तर घेऊन टाका. टायफॉईड आणि अ प्रकारच्या काविळीच्या लशीबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा, वरचेवर जाणार असाल तर नक्कीच. पुराच्या पाण्यात उतरणाऱ्यांना डॉक्सिसायक्लिन देतात हे कुणीतरी सांगतंच, आणि मग लोक मेडिकलमधून आणून गोळ्या खातात. ते करू नका. ते औषध गरोदर बाईला आणि लहान मुलांना चालत नाही, आणि रविवारच्या हौसेसाठी ते घ्यायचं की नाही हे डॉक्टरनं ठरवायचं. गरोदर बाईनं तर या पाण्यात उतरूच नये. ई प्रकारची कावीळ इतरांना त्रास देऊन जाते, तिच्या जिवावर उठू शकते.

आता घरातला एक आवाज : "आम्ही पाठीला डबा बांधून विहिरीत पोहलो, आम्हाला काय झालं नाही." याच आजोबांना पायातून निघालेला नारूचा जंत काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळताना पाहिलेला आठवतो, पण ते 'काय झालं' मध्ये धरत नाहीत. विहिरीचं पाणी पिऊनच नारू व्हायचा. भारत नारूमुक्त म्हणून जाहीर झाला २००० साली.

५. सामान

चप्पल गाळात रुतते आणि पाय वेडी बाभळीच्या काट्यावर पडतो. जुने बूट लेस आवळून घाला. नाव ढकलताना आणि उतरताना जे दहा-वीस पावलं चालणं होतं, बाटल्यांच्या काचा आणि मासेमारीचे गळ तिथंच असतात.

वल्ह्याच्या दांड्यावर दोन्ही बाजूंना रबराची कडी बसवतात, पाणी हाताकडं न येता तिथंच खाली पडतं. तुमच्या वल्ह्यावर ती पात्याला चिकटून बसली असतील तर थोडी आत सरकवा. नसतील तर सायकलच्या जुन्या ट्यूबचे वेटोळे घट्ट गुंडाळा, माझं दोन वर्षं तेच चाललं. पिण्याचं पाणी झाकण असलेल्या बाटलीत, आणि ती बाटली बंद पिशवीत. नुसती पायाशी ठेवलेली बाटली तळात साचलेल्या पाण्यात लोळते आणि मग आपण तीच तोंडाला लावतो.

गाडीत एक वीस लिटरचा जार नळाच्या पाण्याचा. आपल्याकडं नळाला काही दिवसांआड पाणी येतं हे मलाही माहीत आहे, घरी यावरूनही बोलणी बसतात. तरी जार घ्यायचाच. साबणाची वडी डबीत, दोन पंचे, कोरडे कपडे.

६. पाण्यावर

तोंड मिटून वल्हवा. गंमत नाही, दमलेला माणूस तोंड उघडं टाकतो आणि समोरच्याचं वल्हं नेमकं तेव्हा शिंतोडा उडवतं. एकमेकांवर पाणी उडवायचा खेळ पहिल्याच दिवशी बंद. घाम पुसायला गळ्यात कोरडा पंचा, हात नको.

नाव उलटून पुन्हा चढायचा सराव करायलाच हवा, पण तो शहरातल्या जलतरण तलावात, क्लोरीनच्या पाण्यात, तिथल्या लोकांना विचारून करा. खुल्या पाण्यात खरंच पडलात तर आधी नाकातून जोरात हवा सोडा, मग बाकीचं. कोमट, साचलेल्या पाण्यात एक अमिबा असतो, तो पोटातून काही करत नाही, नाकातून मेंदूकडं जातो. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये त्याचे रुग्ण सापडले. फार म्हणजे फारच दुर्मिळ, त्यामुळं झोप उडवून घेऊ नका, पण एप्रिल-मेमध्ये उथळ गरम पाण्यात सूर मारायचा नाही एवढं पाळा. नाकाचा चिमटा स्वस्त मिळतो.

गटाराचं किंवा कारखान्याचं पाणी मिसळतं ते तोंड दिसलं, फेस दिसला, की लांबून वळसा.

७. परतल्यावर, डब्याच्या आधी

जारमधलं पाणी, साबण, कोपरापर्यंत हात, मग तोंड. सॅनिटायझरचा थेंब चोळून भाकरीला हात घालू नका. गाळानं माखलेल्या हातावर तो नीट काम करत नाही, आणि जुलाब करणारे काही परजीवी त्याला दाद देत नाहीत. जखम झाली असेल तर ती तिथंच साबणानं धुवा, घरी गेल्यावर नव्हे.

घरी डोक्यावरून आंघोळ. मान तिरकी करून कानातलं पाणी निथळू द्या, पंच्याचं टोक बाहेरूनच फिरवा. मी काडी घातली होती. पुढचे चार दिवस जेवताना जबडा हलवला की कानात कळ यायची. कानात तेल-बिल घालायचं नाही, दुखायला लागलं तर डॉक्टर.

नाव, बूट, जॅकेट गच्चीवर उन्हात. इथं मात्र सोलापूर आपल्या बाजूनं आहे. लेप्टोचा जंतू कोरडेपणात टिकत नाही, आणि आपल्या गच्चीवर दुपारी बारा ते चार काहीही ओलं राहत नाही. ओली नाव घडी करून डिकीत ठेवणारा मात्र पुढच्या रविवारी गेल्या रविवारचं पाणी मांडीवर घेऊन बसतो.

८. कॅलेंडरवर तारीख लिहा

ही पायरी सगळे सोडतात. उलट्या-जुलाब एक-दोन दिवसांत येतात, तेव्हा लगेच कळतं. शेवाळाची खाज तर त्याच संध्याकाळी. पण जिआर्डिया या परजीवीनं पोट एक ते तीन आठवड्यांनी बिघडतं, टायफॉईड एक ते तीन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा. लेप्टो बहुतेक वेळा पाच ते चौदा दिवसांनी, क्वचित महिन्यानं. अ प्रकारची कावीळ पंधरा ते पन्नास दिवसांनी. तोवर तुम्ही ती फेरी विसरलेले असता आणि लग्नातल्या जेवणाला शिव्या घालत असता. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या रविवारी नुसतं 'हिप्परगा' लिहून ठेवा.

वाट न बघता दवाखाना गाठायचा तो असा : थंडी वाजून जोराचा ताप, पिंढऱ्या दाबल्या तरी ओरडावंसं वाटणं, डोळे लाल किंवा पिवळे, लघवी कमी होणं, धाप, थुंकीत रक्त, मान ताठ, जुलाबात रक्त. अंगदुखीच्या गोळ्या स्वतःच्या मनानं घेऊ नका. लेप्टोत किडनीवर आधीच ताण असतो, काही वेदनाशामकं त्यात भर घालतात.

माझं झालं ते असं. ऑक्टोबरात हिप्परग्याला गेलो, पुढं कोजागिरीला नेहमीप्रमाणं तुळजापूरला चालत. परत आलो तर ताप आणि पिंढऱ्यांत आग. घरच्यांनी, मी, शेजारच्या काकांनी सगळ्यांनी एकच निदान केलं : पंचेचाळीस किलोमीटर चालल्यावर पाय दुखणारच. दोन दिवस गरम पाण्यात पाय बुडवून बसलो. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडं गेलो, त्यांनाही तुळजापूरचंच सांगितलं. त्यांनी पापणी खाली ओढून डोळा बघितला, पिंढरी दाबली, मी कळवळलो. मग विचारलं, "शेतात, पाण्यात कुठं गेला होतात?" मी म्हटलं नाही. बायको म्हणाली, "नाही कसं? कॅलेंडरवर लिहिलंय की." त्यांनी केसपेपरवर 'तलाव, ११ दिवस' असं लिहिलं, त्याखाली रेघ ओढली आणि मग रक्ताच्या तपासण्या लिहायला घेतल्या.